घाटमाथ्यावरून दिसणारी बंदरे

कोकणच्या किनाऱ्यावर बंदरांची वाण कधीच नव्हती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे एका दमात म्हणता येतात, आणि जुन्या पिढीतील कोकणी माणसाला ती त्याच क्रमाने, देवळाच्या पायऱ्यांसारखी, पाठ असत. कारण मुंबईहून निघालेली आगबोट ती त्याच क्रमाने घेत असे. आज मुंबईहून संध्याकाळी निघणारी पर्यटनबोट, जिला आता सर्रास ‘क्रूझ’ म्हणतात, हीच सर्व बंदरे रात्रीच्या अंधारात मागे टाकते आणि सकाळी मुरगावला लागते. किनाऱ्यावरच्या दीपगृहांना ती दिसते. किनाऱ्यावरच्या माणसांना तिचा उपयोग नाही. असे का व्हावे, या प्रश्नाचा थोडा ऐतिहासिक विचार आम्ही येथे करू इच्छितो.

या प्रश्नाची नेहमीची उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, पाणी उथळ आहे, धक्का नाही, पावसाळ्यात समुद्र खवळतो, सरकारचे लक्ष नाही. ही सारी उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. परंतु त्यांपैकी कोणतेही पुरेसे नाही. ज्या काळी धक्के नव्हते त्या काळी याच खाड्यांत अरबस्तानची गलबते येत होती. आणि ज्या ठिकाणी आज खोल पाणी आणि उत्तम धक्का आहे तेथेही प्रवासी बोट थांबत नाही. तेव्हा कारण पाण्यात जितके शोधावे तितकेच, किंबहुना अधिक, जमिनीवर शोधले पाहिजे. बंदराचे नशीब त्याच्या समोरचा समुद्र ठरवत नाही, त्याच्या पाठीचा मुलूख ठरवतो. भूगोलाच्या पुस्तकांत या मुलखाला ‘पृष्ठप्रदेश’ असे भारदस्त नाव आहे. आम्ही सोलापूरकर त्या पृष्ठप्रदेशातच राहतो. समुद्रापासून इतक्या दूर बसून बंदरांविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हाला कोणी विचारला, तर आमचे उत्तर इतकेच की कोकणातील बंदरांच्या उत्कर्षाची आणि अवनतीची अर्धी कहाणी घाटाच्या या बाजूला घडलेली आहे.

आरंभ दोन हजार वर्षांपूर्वीपासून करावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील दर्यावर्दी मार्गदर्शिकेत दख्खनच्या दोन बाजारपेठांची नावे येतात. एक पैठण, दुसरी तगर. तगर म्हणजे सोलापूरच्या उत्तरेस तेरणा नदीकाठी वसलेले, आज धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर. पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा हिशेब त्या लेखकाने दिला आहे. तगरहून साधे कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या प्रदेशातून, भडोचला नेला जाई. तेर येथील उत्खननांत रोमन जगाशी असलेल्या संबंधांच्या खुणा सापडल्या आहेत, आणि तेथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेई येथील मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. समुद्र कधीही न पाहिलेल्या विणकराने मागावर घातलेले कापड समुद्रापार जात होते. सोलापूरच्या परिसराचा समुद्राशी असलेला संबंध एवढा जुना आहे, आणि तो कापडाचाच आहे.

त्याच ग्रंथात आमच्या विषयाशी थेट संबंध असलेली एक नोंद आहे. कल्याण हे बंदर पूर्वी रीतसर बाजारपेठ होते; परंतु सत्ता बदलल्यानंतर तेथील व्यापाराला मोठा अडथळा झाला, आणि चुकून तेथे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे लेखक सांगतो. त्यात आलेल्या राजनामांची ओळख पटवण्यावरून विद्वानांत मतभेद आहेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील झगडा त्यामागे आहे याविषयी मात्र फारसे दुमत नाही. एखाद्या बंदरात जहाजे का येत नाहीत, या प्रश्नाचे आपल्या किनाऱ्यावरील बहुधा हे सर्वांत जुने लिखित उत्तर. कल्याणची खाडी त्या वर्षी उथळ झाली नव्हती. धक्काही वाहून गेला नव्हता. कल्याणच्या वाट्याचा माल दुसऱ्या बंदराकडे वळवण्याची ताकद कोणाच्या तरी हाती आली होती, एवढेच. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढील दोन हजार वर्षांत ते पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

मध्ययुगात वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे बहमनी राज्याचे आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीचे प्रमुख बंदर झाले. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला तो विक्रीसाठी एक घोडा घेऊन. बिदरपर्यंतचा मुलूख पाहून परत जाताना त्याने दाभोळहून गलबत पकडले. त्याचा हा प्रवास म्हणजे त्या काळच्या बंदरव्यवस्थेचा नकाशाच होय. दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे होते, आणि घोडे अरबस्तान व इराणहून समुद्रमार्गेच येत. राजधान्या घाटावर होत्या. बिदर, गुलबर्गा, विजापूर, आणि त्यांच्या दरम्यान निजामशाही व आदिलशाही ज्यासाठी पिढ्यान्पिढ्या भांडत राहिल्या तो सोलापूरचा किल्ला. राजकन्येबरोबर सोलापूर हुंड्यात द्यायचे की नाही यावरून युद्धे झाली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. या साऱ्या घोडदळाचा, रेशमाचा, हाजच्या यात्रेकरूंचा दरवाजा म्हणजे दाभोळ. खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत होड्या, तेथून कुंभार्ली घाटाने बैलांच्या पाठीवर कऱ्हाड, आणि पुढे देश, अशी ती वाट होती. वर मीठ, नारळ, सुपारी जाई. खाली कापूस आणि कापड येई.

१५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द अल्मेदा याने दाभोळ जाळले. चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाचा सूड उगवण्यासाठी तो दीवकडे निघाला होता, आणि वाटेत दाभोळ लागले. त्या जाळपोळीची क्रूरता पोर्तुगीज बखरकारांनीही लपवलेली नाही. पण त्यानंतर दाभोळ संपले नाही. ते पुन्हा उभे राहिले आणि पुढची दीडशे वर्षे विजापूरचे बंदर म्हणून चालले. पोर्तुगीजांचे परवाने घ्यावे लागले, जकातीचा ससेमिरा सोसावा लागला, तरीही चालले. कारण पाठीमागे विजापूर उभे होते. उलट १६८६ मध्ये विजापूर पडले तेव्हा दाभोळवर कोणीही हल्ला केला नाही, आणि तरीही दाभोळचे दिवस सरले. शिवकालात सत्ता बदलली, सुरत आणि मुंबईकडे व्यापार ओढला गेला, खाडीत गाळ साचत राहिला, हे सर्व खरे; पण आगीतून जे बंदर सावरले ते राजधानीच्या मरणातून सावरले नाही, हा फरक आम्हाला फार बोलका वाटतो.

आता एकोणिसाव्या शतकाकडे येऊ. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. आमच्या दृष्टीने महत्त्वाच्या तारखा निराळ्या आहेत. पुण्याकडून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, आणि १८६३ मध्ये भोर घाटाचा चढ खुला होऊन मुंबई व देश यांच्यामधील शेवटची फट बुजली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षे. सोलापूरचा कापूस एका रात्रीत मुंबईच्या गोदीत उतरू लागला. लमाणांचे बैलांचे तांडे, जे शतकानुशतके घाट उतरत चढत होते, ते त्या दिवसापासून निरुपयोगी झाले. आणि त्यांच्याबरोबर चिपळूण, राजापूर, महाड येथील वखारीही. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात कापडगिरणी काढली, जिला सोलापूरकर पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. गिरणी सोलापूरची, पण तिचे तोंड मुंबईकडे. पुढे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ पासून बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज असे जाळे विणत गेली. तिनेही माल नेऊन ओतला तो कुर्डुवाडीच्या मुख्य मार्गावर, म्हणजे अखेर मुंबईलाच. तगरच्या कापडाने जो पश्चिमेचा रस्ता धरला होता तो आता लोखंडाचा झाला, आणि लोखंडाला फाटे फुटत नाहीत.

येथे नकाशा समोर ठेवून पाहावे. सह्याद्री ओलांडून देश आणि समुद्र जोडणारे लोहमार्ग किती? उत्तरेस थळ आणि भोर हे दोन घाट, दोन्ही मुंबईसाठी. दक्षिणेस कॅसलरॉकहून उतरणारा मार्ग, जो १८८८ च्या सुमारास पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरासाठी पुरा झाला. या दोहोंच्या दरम्यान, भोर घाटापासून कॅसलरॉकपर्यंत, सह्याद्री ओलांडणारा एकही लोहमार्ग तेव्हा झाला नाही आणि आजही नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर झाला आहे, पण त्यावरून अद्याप गाडी धावलेली नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, ती किनाऱ्याला समांतर. म्हणजे तिने कोकणातील माणसाला मुंबईशी आणि मंगळूरशी जोडले, घाटावरच्या माणसाला कोकणातील बंदराशी नव्हे.

मुंबई आणि मुरगाव. नेमक्या याच दोन बंदरांत आज पर्यटनबोटी लागतात. हा योगायोग आहे काय? आमच्या मते नाही. पर्यटनबोट कापूस नेत नाही, खनिज नेत नाही. तिला लोहमार्गाशी काही कर्तव्य नाही असे वरवर वाटते. पण मोठ्या बोटीला जे जे लागते ते सारे मालवाहतुकीने आधीच उभे केलेले असावे लागते. गाळ काढून खोल राखलेली वाट, वाट दाखवणारे पायलट, ओढून नेणाऱ्या टग बोटी, जकात व पारपत्राची कचेरी, गोडे पाणी, इंधन, दुरुस्तीचा कारखाना, जवळ विमानतळ, मोठे रुग्णालय. पर्यटनबोट यातील काहीही स्वतः निर्माण करीत नाही. ती तयार संसारात पाहुणी म्हणून येते. ज्या घरात शंभर वर्षे चूल पेटलीच नाही तेथे पाहुणा जेवायला कसा थांबणार?

या कथेत सोलापूरचा आणखी एक धागा आहे, आणि तो विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटातून त्यांच्या बांधकामव्यवसायाची सुरुवात झाली, आणि पुढे भोर घाटातील बोगद्यांची कामेही त्यांच्या कंपनीने केली. ज्या माणसाने लोहमार्ग बांधले तोच नंतर समुद्राकडे वळला. जुन्या गिरणीच्या मोरारजी गोकुळदासांचे पुत्र नरोत्तम मोरारजी यांच्या साथीने त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी स्थापली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही त्यांची पहिली बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. आजही तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. उत्सवी भाषणांत गोष्ट येथेच थांबते. पण पुढचा भाग आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. बोट होती, बंदर होते, पाणी खोल होते, प्रवासीही होते. तरी ‘लॉयल्टी’ चालली नाही. समुद्रावरचे मार्ग, दलाल, भाड्याचे दर हे सारे ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होते. दर पाडून नव्या कंपनीचा श्वास कोंडण्यात आला. १९२३ मध्ये ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली, आणि त्याच वर्षी झालेल्या करारान्वये सिंदियाला प्रवासी वाहतुकीपासून दूर राहून किनाऱ्यावरील मालवाहतुकीच्या ठरावीक मर्यादेत समाधान मानावे लागले. कल्याणची जहाजे पहाऱ्यात भडोचला नेणारे आणि ‘लॉयल्टी’चे प्रवासी तोडणारे यांच्यात एकोणीस शतकांचे अंतर आहे, कृतीत फारसे नाही.

किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक १९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले होते. स्वातंत्र्यानंतर ते धोरण प्रत्यक्षात आले. आणि गेल्या दोन दशकांत, पर्यटनास चालना मिळावी म्हणून, परदेशी ध्वजाच्या पर्यटनबोटींना भारतीय बंदरांदरम्यान प्रवासी नेण्याची सवलत पुन्हा देण्यात आली. काळाचा हा फेरा वालचंदांनी पाहिला असता तर ते काय म्हणाले असते, याचा तर्क ज्याचा त्याने करावा.

सिंदियाने पुढे बाँबे स्टीम नेव्हिगेशन कंपनी ताब्यात घेतली, आणि अशा रीतीने सोलापूरच्या सुपुत्राच्या कंपनीकडे कोकणची आगबोट आली. तिच्याविषयी आज जी हळवी भाषा वापरली जाते तिला आम्ही थोडे अंतर राखून पाहू इच्छितो. ती बोट सुखाची नव्हती. बहुतेक बंदरांत धक्का नसल्याने ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावांतून बोटीपर्यंत नेल्या जात. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र बंद होई, तो पावसाळा सरल्यावरच उघडे. आणि १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, हे दुःख त्या किनाऱ्याने अजून विसरलेले नाही. तरीही ती बोट चालली, कारण तिच्यात बसणाऱ्याला कोठेतरी जायचे होते. गिरणीत जायचे होते, शिमग्याला परत यायचे होते, बाळंतपणाला माहेरी यायचे होते. चाकरमान्यांची मुंबई हाच कोकणी बंदरांचा शेवटचा पृष्ठप्रदेश होता. फक्त तो पाठीमागे नसून बाजूला होता. सडक सुधारली, एस.टी. गावोगाव गेली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा प्रवासी बोट बंद पडली. बंदरांचे धक्के तसेच राहिले. जाणारा माणूस दुसऱ्या वाटेने जाऊ लागला.

आता वेगाचा हिशेब पाहू, कारण त्यात या कोड्याची एक साधी किल्ली दडलेली आहे. मुंबई ते मुरगाव हे अंतर समुद्रमार्गे सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे सागरी मैल. जुनी आगबोट हे अंतर बंदरे घेत घेत सावकाश कापी, म्हणून मधल्या प्रत्येक बंदराला बोट येण्याची वेळ होती, मग ती पहाटेची असो वा भर दुपारची. आधुनिक पर्यटनबोट ताशी अठरा ते वीस सागरी मैल जाऊ शकते. म्हणजे संध्याकाळी निघून सकाळी पोहोचण्यास हे अंतर तंतोतंत बसते. पर्यटनबोटीचा सारा धंदाच या तत्त्वावर उभा आहे की प्रवाशाने रात्री झोपावे आणि सकाळी नव्या गावी जागे व्हावे. दिवसा उतरून पाहावे, संध्याकाळी परतावे. या वेळापत्रकात रत्नागिरी येते मध्यरात्री. विजयदुर्गचा किल्ला येतो पहाटेच्या अंधारात. ही बंदरे उथळ आहेत म्हणून वगळली जातात हे अर्धे सत्य. ती चुकीच्या वेळी येतात, हे उरलेले अर्धे. जलदगाडी सुरू झाली की मधली स्थानके मरतात, हे मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील कोणत्याही लहान स्थानकाच्या मास्तरास विचारावे.

बंदरांचेही दोन वर्ग असतात. एक, जेथून प्रवास सुरू होतो आणि जेथे तो संपतो. दुसरा, जेथे बोट काही तास थांबते. पहिल्या वर्गातील बंदरात प्रवासी आदल्या दिवशी येतो, राहतो, खातो, खरेदी करतो. बोटही तेथेच धान्य, भाजी, इंधन भरते. दुसऱ्या वर्गातील बंदराच्या वाट्याला येतात ते आठदहा तास, तेही आधी ठरवून विकलेल्या सहलींचे. बोटीच्या कंपनीला अशा बंदराकडून तीन गोष्टींची हमी हवी असते: वेळेवर उतरता येईल, तास-दीड तासाच्या वाटेवर पाहण्यासारखे काही असेल, आणि अंधार पडण्यापूर्वी सर्व जण परत येतील. खवळलेल्या पाण्यात होडीने उतरण्याचे ठिकाण ही हमी देऊ शकत नाही. आणि एकदा दोन हजार प्रवासी उतरू न शकल्याने बोटीवरच बसून राहिले, की पुढील वर्षीच्या पत्रकातून त्या बंदराचे नाव निघून जाते. त्या गावाला त्याचे कारण कोणी कळवीत नाही.

यजमान बंदर मोठे असले तरी यशाची खात्री नसते, हे अलीकडचा अनुभव सांगतो. १९९० च्या दशकात मुंबई-गोवा वेगवान कॅटमरान सुरू झाली आणि काही वर्षांत थांबली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मोठ्या गाजावाजाने निघाली. दर्यासारंगाचे नाव असूनही ती फार काळ टिकली नाही. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून ‘कर्णिका’ ही मोठी पर्यटनबोट सुरू झाली. महासाथीने धंदा बसला आणि २०२० च्या अखेरीस ती अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत गेली. ‘लॉयल्टी’ आणि ‘कर्णिका’ या दोन्ही बोटी मुंबईतून मोठ्या आशेने निघाल्या आणि दोन्ही अल्पकाळात भंगारात गेल्या. एकीला मक्तेदारीने मारले, दुसरीला साथीने. पण दोन्हींच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे: बोट हे फार महाग, फार हलते भांडवल आहे. दोन हंगाम ते रिकामे राहिले की कंपनी बुडते. किंवा ते दुसऱ्या समुद्रात निघून जाते. बोट निघून जाऊ शकते. बंदर जाऊ शकत नाही. या व्यवहारातील विषमतेचे मूळ येथे आहे. गाव धक्क्यावर पैसा घालते तो पन्नास वर्षांसाठी. कंपनी शब्द देते तो एका हंगामाचा.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत’ मोहीम जाहीर केली आणि २०२९ पर्यंत पर्यटनबोटींच्या प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा गोदीत भव्य आंतरराष्ट्रीय टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास मुंबईहून जयगड व विजयदुर्गपर्यंत वाहने आणि माणसे नेणाऱ्या रो-रो सेवेचीही घोषणा झाली. आम्हाला या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट कोकणच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात बसणाऱ्याला पुन्हा एकदा कोठेतरी जायचे असेल.

पाठच्या मुलखाशिवाय बंदर नाही, या विधानाचा ताजा पुरावा कोणी मागितला तर तो दाभोळच्या खाडीपलीकडेच आहे. अंजनवेल येथील वायूच्या टर्मिनलवर २०१३ पासून प्रचंड वायुवाहू जहाजे येऊ लागली. लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने कित्येक वर्षे पावसाळ्यात ते बंद ठेवावे लागे. तरी कोरड्या ऋतूत जहाजे आली. का आली? कारण त्याच वर्षी दाभोळ ते बंगळूर वायुवाहिनी सुरू झाली. सह्याद्री ओलांडणारी वाट, जी लोहमार्गाने दाभोळला कधी दिली नाही, ती नळाने दिली. दख्खनचे पठार पुन्हा दाभोळशी जोडले गेले आणि जहाजे लगोलग आली. तसेच जयगडचे. २००९ मध्ये तेथे खोल पाण्याचे खासगी बंदर सुरू झाले. कोळसा आणि खनिज तेथे उतरते, कारण पाठीमागे ते जाळणारा आणि वितळवणारा कारखानदार आहे. खोल पाणी आहे, धक्का आहे, आणि तरी प्रवासी बोटींच्या नकाशावर जयगड ठळक नाही. धक्का आणि खोली ही कारणे नसून अटी आहेत, असे आम्ही आरंभी म्हटले ते याच अर्थाने.

आणि हे सारे सोलापूरला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. होटगी रस्त्यावरील आमच्या विमानतळावर अनेक वर्षे धावपट्टी होती, विमान नव्हते. विमान नसण्याला साखर कारखान्याची चिमणी कारण आहे असे सांगितले जाई; जून २०२३ मध्ये ती चिमणी पाडली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्यानंतर नियमित विमान गोव्यासाठी उडाले ते जून २०२५ मध्ये. अडथळा दूर होणे आणि वाहन येणे यांच्या दरम्यान दोन वर्षे गेली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. अडथळा हटला की बोट आपोआप येईल असे ज्या कोकणवासीयांना वाटते, त्यांनी हा अनुभव ध्यानी घ्यावा. उतरण्याची जागा तयार असणे वेगळे, आणि उतरणाऱ्याला तेथे यावेसे वाटण्याचे कारण असणे वेगळे.

मग लहान बंदरांनी काय करावे? आमच्यापाशी योजना नाही; पण इतिहास एका दिशेकडे बोट दाखवतो असे आम्हाला वाटते. बाहेरून येणाऱ्या मोठ्या बोटीची वाट पाहण्यापेक्षा पाठच्या मुलखातील माणसाला समुद्राकडे नेण्याचा विचार आधी व्हावा. रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरापासून निघालेला महामार्ग आंबा घाट चढून कोल्हापूर, सांगली करीत थेट सोलापूरला येतो आणि पुढे तुळजापूरवरून नागपूरकडे जातो. वर्षाकाठी लाखो माणसे पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, कोल्हापूर अशी फिरतात. त्यांतील कितीतरी जण गणपतीपुळ्यापर्यंतही जातात आणि समुद्राच्या काठावरून परत फिरतात. त्या काठावरून निघणारी, दिवसाउजेडी किल्ले दाखवीत जाणारी, मध्यम आकाराची बोट असेल तर रत्नागिरी हे मध्यरात्री लागणारे वाटेवरचे बंदर राहणार नाही. ते निघण्याचे बंदर होईल. बोटीच्या वेळापत्रकात बसण्यासाठी धडपडणारे गाव आणि स्वतःचे वेळापत्रक असणारे गाव यांत हाच फरक असतो.

सोलापूरची चादर आणि टॉवेल आज कंटेनरमध्ये बसून न्हावाशेव्यावरून जगभर जातात. सोलापूरचा माल समुद्र ओलांडतो आणि सोलापूरच्या बहुसंख्य माणसांनी बोटीत पाऊल ठेवलेले नसते. तगरच्या विणकराची स्थितीही बहुधा हीच असावी. दोन हजार वर्षांत घाटावरच्या मुलखाने बंदरांना पुष्कळ माल दिला, घोड्यांची मागणी दिली, कापूस दिला, अलीकडे वायूची वाटही दिली. प्रवासी मात्र त्याने फारसा दिला नाही, आणि मागणाऱ्यानेही तो कधी मागितला नाही. कोकणातील धक्क्यांवर जी रिकामी जागा दिसते ती परदेशी पाहुण्यांसाठी राखलेली आहे असे मानले जाते. ती आमच्यासाठी असू शकते, हे अजून कोणाच्या हिशेबात आलेले दिसत नाही.